उभ्या बायकांचं मत

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कोल्सन फेरी गावी, नदीकाठच्या काळ्यांच्या चर्चमध्ये सेविका मंडळाचा एकच नियम होता. बसली ती सेविका नव्हे. उपासना दोन तास चालो की चार, पांढऱ्या पोशाखातल्या, पांढऱ्या हातमोज्यांतल्या या बायका भिंतीला पाठ न टेकता उभ्या. आलेल्याला दारातून घेऊन जागेवर नेऊन बसवायचं, घामाघूम झालेल्याच्या हातात पुठ्ठ्याचा पंखा द्यायचा, रडणाऱ्या पोराला आईसकट बाहेर न्यायचं, आणि हे सगळं तोंडातून शब्द न काढता. बोलायचं ते हातांनी. उजवा हात पाठीमागे म्हणजे थांब. तळवा छातीवर म्हणजे माझ्याकडे बघ. तळवा खाली म्हणजे बसवा. गावातली टारगट पोरं त्यांना 'मोजेवाल्या' म्हणत, पण त्या समोर आल्या की मुकाट्यानं टोप्या काढत.

इझोरा टॉलिव्हर या मंडळाची प्रमुख. तिच्या पोशाखाला खळ अशी कडक, की बायनम आजी म्हणायच्या, "ही इझोरा पडली ना, तर मोडेल, वाकायची नाही." बायनम आजी चर्चमधल्या सगळ्यात जुन्या. पहिल्या बाकाच्या कडेची जागा त्यांची, आणि तिथून त्या कुणालाही काहीही बोलत. इझोरा हसून सोडून द्यायची. तिचं दुखणं होतं ते पायांचं. बूट दिसायला पांढरेशुभ्र, पण डावा बोटांवर चावायचा आणि उजवा टाचेला सैल. असं का, हे त्या गावात कुठल्याच काळ्या बाईला सांगावं लागत नसे.

लँगफर्डच्या दुकानात काळ्या माणसाला बूट विकत मिळत, पण पायात घालून बघता येत नसत. गोरी बाई आली की तिला मखमली खुर्ची. विक्रेता समोर गुडघ्यावर बसायचा, तिचा पाय हातात घ्यायचा, एकामागून एक खोकी उघडायचा. काळी बाई मागच्या दाराशी उभी. घरून पाय कागदावर ठेवून, भोवती पेन्सिल फिरवून, कात्रीनं कापून आणलेला आकार ती पुढे करायची. विक्रेता तो दोन बोटांत धरून बुटाच्या तळाला लावून बघायचा आणि खोकं सरकवायचा. चावला तर चावला. परत घेत नसत. काळ्या पायात गेलेला बूट विटाळला. तो मग गोऱ्या बाईला कसा विकायचा?

इझोराच्या आईचे पाय सुजायला लागले तेव्हा इझोरा सोळा-सतरा वर्षांची होती आणि धाकटा हार्लन जेमतेम सहाचा. आई लोकांचे कपडे धुवायची; दिवसभर ओल्यात उभी. हार्लननंच वाण्याच्या तपकिरी पिशवीचा कागद फाडून जमिनीवर पसरला, आईचा पाय त्यावर धरला आणि जीभ बाहेर काढून पेन्सिल फिरवायला लागला. आईला गुदगुल्या झाल्या. ती इतकी हसली, इतकी हसली, की रेघ वाकडी गेली.

"हलू नको ना गं आई!"

"राहू दे रे माझ्या राजा. रेघ वाकडी असली तरी बूट सरळ येईल."

बूट आला तो लहान. आईनं वस्तऱ्यानं त्याच्या कुशीला चीर पाडली, करंगळीला बाहेर वाट करून दिली आणि तोच बूट मरेपर्यंत घातला. तिला पुरायच्या दिवशी इझोरानं ती चीर काळ्या दोऱ्यानं शिवली. हार्लन शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होता.

पुढे हार्लनला तिनंच वाढवला. लोकांच्या घरच्या इस्त्र्या केल्या, स्वतःचा संसार जेमतेम चार वर्षांचा झाला, नवरा लाकडाच्या गिरणीत अपघातात गेला, पण हार्लनची शाळा चुकली नाही. अटलांटाला जाऊन तो पाळक होऊन आला, आणि त्याच नदीकाठच्या चर्चचा रेव्हरंड हार्लन मीक्स झाला. व्यासपीठावरून तो तिला 'भगिनी इझोरा' म्हणे. तिच्या स्वयंपाकघरात 'ताई'.

एकोणीसशे त्रेसष्टचा वसंत. बहिष्काराची ठिणगी पडली ती चर्चच्या तळघरात, रविवारची कोंबडी तळताना. क्लिओथा रँडल पिठात हात बुडवून सांगत होती. क्लिओथा म्हणजे इझोराची लहानपणापासूनची सखी, तीही सेविकाच. दोघी जन्मभर एकाच दाराच्या डाव्या-उजव्या बाजूला उभ्या राहिलेल्या.

"काल लँगफर्डच्या दुकानात गेले. त्याची नात, एवढीशी, पुढचे दात पडलेत अजून. मला म्हणते, ए क्लिओथा, बाजूला हो. माझ्या आईनं मला कधी 'ए' म्हटलं नाही गं!"

"मग तू काय म्हणालीस?" बायनम आजींनी विचारलं.

"काय म्हणणार? 'हो मिस' म्हटलं आणि झाले बाजूला."

"गुणी माझी बाय! सरकत सरकत तू एक दिवस नदीत पडशील."

बायका हसल्या, क्लिओथाही हसली, पण तिचे डोळे भरले होते. इझोरानं कढईतला चमचा खाली ठेवला.

"या ईस्टरला लँगफर्डकडून कुणी काही घ्यायचं नाही."

फक्त तेल बोलत होतं. कारण ईस्टर म्हणजे ईस्टर. वर्षभर दुसऱ्यांच्या उतरलेल्या कपड्यांत वावरणारी बाईसुद्धा त्या दिवशी डोक्याला नवी टोपी घालून, पोरांच्या पायात नवे बूट चढवून चर्चला यायची. फुलांच्या, पिसांच्या, जाळीच्या त्या टोप्या! मागच्या बाकावरच्यांना पाळक दिसत नसे, टोप्याच दिसत. आणि नव्यातलं सगळं लँगफर्डकडून आलेलं.

शेवटी बायनम आजीच म्हणाल्या, "येशू उठला तेव्हा त्याच्या अंगावर तरी कुठं नवे कपडे होते? चला, मी माझी सत्तेचाळीसची टोपी काढते. तिच्यात उंदरानं घर केलंय, त्याला नोटीस द्यावी लागेल."

तिथेच, कढईभोवती, मागण्या ठरल्या. पहिली बुटांची. खुर्चीवर बसायला मिळालं पाहिजे, पायात घालून बघायला मिळालं पाहिजे. दुसरी, नुसत्या नावानं हाक मारायची नाही. गोऱ्या बाईला मिसेस म्हणता तसं आम्हालाही म्हणा. आणि तिसरी, दुकानातला खाण्याचा काउंटर सगळ्यांना उघडा करा. काउंटरची मागणी पुरुषांसाठी घातली होती. त्यांना तिथल्या स्टुलांचं फार होतं.

मग दर शनिवारी मोजेवाल्या दुकानासमोर उभ्या राहू लागल्या. अंगावर तेच पांढरे पोशाख, हातात तेच मोजे. उभं राहायचं त्यांना शिकवावं लागलं नाही. बोलायचंही नव्हतं. शेरीफची गाडी मागच्या गल्लीत वळली की कोपऱ्यावरची बाई उजवा हात पाठीमागे घ्यायची, आणि ती खूण एकीकडून दुसरीकडे, पार पुलापर्यंत जायची. गोऱ्यांना वाटायचं, बाई कंबर चोळतेय. शेरीफचा एक माणूस रविवारी चर्चच्या मागच्या बाकावर येऊन बसायचा, कोण काय बोलतं ते ऐकायला. सेविका त्याला अदबीनं जागेवर नेऊन बसवत, हातात पंखा देत, आणि त्याच्या डोक्यावरून एकमेकींना खुणांनी सांगत, या आठवड्यात बैठक कुणाच्या घरी. बिचारा पंख्यानं वारा घेत बसायचा.

ईस्टरला अख्खं चर्च जुनेरं घालून आलं. काही जणी तर कामावरचे सुती झगेच घालून आल्या. एकही नवी टोपी नाही. मागच्या बाकांवरच्यांना पहिल्यांदा पाळक नीट दिसला. इझोराचं डॉक्टरांच्या घरचं इस्त्रीचं काम तोवर गेलं होतं. बाईसाहेबांनी तिला दुकानासमोर पाहिलं होतं. "इझोरा, तू असं करशील असं वाटलं नव्हतं," त्या म्हणाल्या होत्या, दुखावलेल्या आवाजात, जणू इझोरानंच त्यांना घराबाहेर काढलं होतं.

मे महिना लागता लागता लँगफर्ड नमला. निरोप आला की बोलायला तयार आहोत. पण बायकांशी नाही. पाळक आणि दोन-चार जबाबदार पुरुष पाठवा.

क्लिओथा भडकली. "उभ्या आपण राहायचं आणि बसायला हे जाणार होय!"

"जाऊ दे गं," इझोरा म्हणाली. "दार उघडतंय ना? आत कोण का जाईना. आणि परका कोण आहे? आपला हार्लनच आहे."

बोलणी होती त्या सकाळी तिनंच त्याच्या शर्टाला इस्त्री केली. टाय सरळ करताना विचारलं, "पहिलं काय मागायचं?"

"बूट," हार्लन म्हणाला. "ताई, मला सांगायला हवं का ते?"

तिनं त्याच्या गालावर थोपटलं. चाळिशीला टेकलेला माणूस, पण तिला दिसत होतं ते जीभ बाहेर काढून रेघ ओढणारं पोरच.

त्या रविवारी दुपारी सभा भरली. चर्च असं गच्च, की खिडक्यांच्या कठड्यांवर माणसं. सेविका दोन्ही भिंतींना नेहमीसारख्या उभ्या. इझोरा मधल्या वाटेच्या तोंडाशी, तिथून हार्लनचा चेहरा सरळ दिसायचा.

हार्लन बोलायला उठला. त्याचा आवाज आईचा होता, खोल आणि उबदार. उद्या सोमवारपासून लँगफर्डच्या काउंटरवर कुणीही बसू शकेल. पाण्याचे वेगळे नळ जातील. 'फक्त गोऱ्यांसाठी'च्या पाट्या उतरतील. मेयर दोन्ही समाजांची समिती नेमणार आहेत आणि त्यात आपला माणूस असेल. तो माणूस कोण, हे त्यानं सांगितलं नाही; सांगायची गरज नव्हती. प्रत्येक वाक्याला टाळ्या पडत होत्या, पुरुष एकमेकांच्या पाठी थोपटत होते.

इझोरा बुटांची वाट बघत उभी होती. तिला वाटलं, शेवटाला ठेवलंय त्यानं. चांगला पाळक गोड घास शेवटाला ठेवतो.

"बाकीच्या गोष्टींबद्दल," हार्लन म्हणाला, "चर्चा चालू राहील. रोम काही एका दिवसात बांधलं नव्हतं. त्या बदल्यात आपण दुकानासमोर उभं राहणं आजपासून थांबवायचं."

बाकीच्या गोष्टी. इझोराला वाटलं आपल्या कानांत कापूस गेलाय. तिनं भिंतींकडे पाहिलं. सगळ्या मोजेवाल्यांचे डोळे तिच्यावर.

"ज्यांना हे मान्य आहे," हार्लन म्हणाला, "त्यांनी उभं राहावं."

चर्च उठलं. बाक करकरले, पोरं खांद्यांवर चढली. पाय धड नसलेले म्हातारे पुढच्या बाकाला धरून उठले. हार्लननं एकदा सगळीकडे नजर फिरवली, आणि मग ती भिंतींवर थांबली.

"आणि बघा," तो म्हणाला, "आपल्या सेविकाही उभ्या आहेत! ज्यांनी ऊन-वारा खाल्ला, त्या आपल्या आयाबहिणींचाही होकार आहे. एकमत, बंधूंनो! एकमत!"

क्षणभर इझोराला काही समजलंच नाही. मग समजलं. त्या उभ्या होत्या. त्या सकाळपासून उभ्या होत्या. जन्मभर उभ्या होत्या. तिनं हार्लनकडे पाहिलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि आधी नजर खाली केली. म्हणजे त्याला माहीत होतं. जिभेवरून सहज निसटलेलं ते वाक्य नव्हतं, घरून आणलेलं होतं.

सेविकेनं उपासनेत बोलायचं नाही. इझोरानं उजवा हात वर केला आणि तळवा खाली केला. बसा.

आजवर ती खूण दुसऱ्यांना बसवण्याची होती. स्वतः बसायची खूण त्यांच्यात नव्हतीच. कधी लागलीच नव्हती. मोजेवाल्या गोंधळल्या. एक धाकटी सेविका तर शेजारच्या म्हाताऱ्याच्या खांद्याला धरून त्यालाच बसवायला लागली. "अगं पोरी, मत देतोय मी!" तो ओरडला. दुसरी कुणासाठी तरी जागा शोधत निघाली. इझोरानं पुन्हा तळवा खाली केला. पुन्हा. कुणालाही कळेना, सगळं चर्च आनंदानं उभं असताना हिला बसवायचंय तरी कुणाला.

मग ती स्वतः बसली. बाक भरलेले होते, म्हणून मधल्या वाटेत, जमिनीवर. खळीचा पोशाख कागदासारखा कडकडला.

"भगिनी इझोराला भोवळ आली!" वरून हार्लनचा आवाज आला. "वारा द्या तिला. जागा करा, जागा करा."

त्या चर्चमध्ये बाई खाली बसली याचा अर्थ एकच. तिला पवित्र आत्म्यानं धरलं किंवा उन्हानं. पांढरी चादर आली आणि तिच्या गुडघ्यांवर पसरली गेली. चार पंखे डोक्यावर हलायला लागले. सगळ्यात आधी धावून आली ती क्लिओथा.

"मला काही झालेलं नाही," इझोरा म्हणाली. "मी बसलेय. मी विरोधात बसलेय, क्लिओथा. तूही बस."

क्लिओथाचा पंखा थांबला. तिला कळलं. एवढं जवळून पाहिल्यावर इझोराला त्याबद्दल शंका उरली नाही. क्लिओथानं एकदा व्यासपीठाकडे पाहिलं, एकदा लोकांकडे.

"श्श्," ती म्हणाली, आणि पंखा पुन्हा हलवायला लागली. "बोलू नको गं. दम लागेल. लोक बघतायत."

तेवढ्यात पियानो सुरू झाला आणि सगळं चर्च गायला लागलं.

बाहेर पायऱ्यांवर बायनम आजींनी काठीनं इझोराला अडवलं. "मी पण बसलेच होते," त्या म्हणाल्या. "मुद्दाम. मेल्यांना वाटलं गुडघे." मग त्यांनी जमिनीवर थुंकल्यासारखं केलं. "तुझ्या भावाला लहानपणी मी एकदा छडी मारली होती. एकदाच. कमी पडली."

दोन दिवसांनी हार्लन तिच्या स्वयंपाकघरात आला. काखेत लँगफर्डचं खोकं होतं. ते त्यानं टेबलावर ठेवलं आणि टोपी हातात फिरवत उभा राहिला.

"रागावलीस, ताई."

"बस. मक्याची भाकरी आहे."

"ताई, ऐक तरी. काउंटर ही मोठी गोष्ट आहे. माँटगोमेरीच्या पेपरात फोटो येणार आहे. बूट म्हटलं की... बायकांचं काहीतरी वाटतं लोकांना. लँगफर्ड ऐकायलाच तयार नव्हता. म्हणाला, रेव्हरंड, बशी धुता येते. बूट कसा धुणार?"

"आणि तू काय म्हणालास?"

हार्लननं हातातली टोपी पुन्हा एकदा फिरवली.

"तू मान डोलावलीस," इझोरा म्हणाली. "मला दिसतंय. वर्गात उत्तर येत नसलं की डोलवायचास तशी."

"पुढच्या वर्षी बघू म्हणाला तो. माझा शब्द आहे, ताई."

"तुझे शब्द चांगलेच असतात. एकमत, म्हणालास. तोही चांगला शब्द." तिनं खोक्याकडे बोट दाखवलं. "ते काय आणलंस?"

त्याचा चेहरा उजळला. त्यानं झाकण काढलं, पातळ कागद बाजूला केला. पांढरे, मऊ कातड्याचे बूट. गोऱ्या डॉक्टरांची बाई घालायची तसे. इझोरानं एवढे सुंदर बूट कधी हातात घेतले नव्हते.

"पुढच्या दारानं जाऊन घेतले," तो म्हणाला. "कुणी काही बोललं नाही. सर म्हणाला मला तो विक्रेता. मला, सर!"

"आणि माप?"

हार्लनचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"माप कुठलं नेलंस, हार्लन?"

"तुझे जुने बूट... चर्चमध्ये असतात ना, सेविकांच्या खोलीत. ते कागदावर ठेवून..."

पाठीमागे चुलीवर किटली उकळायला लागली होती. इझोरानं खुर्ची मागे ओढली आणि ती बसली. डाव्या पायातला घरचा जुना बूट काढला. बोटं एकमेकांवर चढलेली, करंगळीला जुनं कडक घट्टं.

"घाल," ती म्हणाली.

"काय?"

"बूट घाल मला. ते घालतात ना दुकानात, गोऱ्या बायकांना? खाली बसून? घाल तसा."

रेव्हरंड हार्लन मीक्स जमिनीवर गुडघे टेकून बसला. नव्या सुटाची घडी मोडली. त्यानं तिचा पाय हातात घेतला. फार वर्षांनी. बूट पुढे धरला, पाय आत सरकवला, ढकलला, टाचेमागे बोट घालून ओढला. बूट जाईना. जुन्या बुटाचं माप नेलं होतं ना. जुना बूटच मुळी लहान होता. त्याच्या कपाळावर घाम आला. तो आणखी जोर लावायला लागला, जणू एवढा एक पाय आत गेला की सगळंच सुरळीत होणार होतं.

"राहू दे," ती म्हणाली.

"थांब, जाईल. जरा सैल होईल घालून घालून..."

"राहू दे, हार्लन. आपल्याकडे वस्तरा आहे. दोराही आहे."

तो तसाच बसून राहिला, तिचा पाय हातात घेऊन, मान खाली घालून. त्याचे खांदे हलत होते. एरवी तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला असता. हात उचललाही तिनं, पण किटली उतरवायला. उठून ती चुलीकडे गेली.

"शनिवारी आम्ही उभ्या राहणार आहोत," पाठमोरीच ती म्हणाली. "तू काउंटरवर बसायला जाणार असशील तर मागच्या दारानं जा. ते आता रिकामं असेल."

तो गेला. खोकं टेबलावरच राहिलं.

शनिवारी मोजेवाल्यांतल्या मोजक्याच आल्या. धाकटी सेविका आली, तिला आता खूण कळली होती आणि त्या दिवशी न कळल्याची लाज वाटत होती. बायनम आजी आल्या, आणि येताना घरची खुर्ची घेऊन आल्या. "मी सेविका नाही," त्या म्हणाल्या. "मला बसायची मुभा आहे." फूटपाथच्या मधोमध खुर्ची टाकून त्या उंदरानं कुरतडलेली टोपी घालून बसल्या.

शेरीफचा माणूस गाडीतून उतरला. पंखा घेऊन बसायचा तोच.

"काय गं इझोरा, तुमच्या रेव्हरंडनं मिटवलं ना सगळं? आता कशाला?"

"आमचं मिटलेलं नाही."

"तुमचेच लोक आत बसून केक खातायत बघ की!" तो हसला आणि गाडीला टेकून उभा राहिला. अटक करायचीही त्याला गरज वाटली नाही. तेच इझोराला जास्त लागलं.

काचेतून काउंटर दिसत होता. स्टुलांवर त्यांचीच माणसं, स्वच्छ शर्ट, ताठ पाठी. मधल्या स्टुलावर हार्लन, आणि समोर फोटोवाला. हार्लन मागच्या दारानं गेला की पुढच्या, ते तिनं पाहिलं नव्हतं. त्या माणसांच्या मागे, दुकानाच्या आतल्या बाजूला, मखमली खुर्च्यांची रांग. तिथे एक गोरी बाई पाय पुढे करून बसली होती.

मग रस्ता ओलांडून क्लिओथा आली. रविवारचा झगा, हातात नातीचा हात. इझोराला बघून ती थबकली, आणि दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या, दारात, जशा जन्मभर उभ्या होत्या, एक डावीकडे, एक उजवीकडे.

"आइस्क्रीम हवंय हिला," क्लिओथा म्हणाली. "इतकी वर्षं काचेला नाक लावून बघितलंय पोरीनं. मी काय सांगू तिला, इझोरा? तूच सांग. अजून थांब म्हणू?"

इझोरानं पोरीकडे पाहिलं. तिचे पुढचे दात पडलेले होते.

"त्या दिवशी तुला कळलं होतं," इझोरा म्हणाली. "पंखा थांबला होता तुझा."

"हो."

"मग?"

"दमले गं मी," क्लिओथा म्हणाली. "काहीतरी एक मिळालंय. एक तरी घेऊ दे ना मला."

"ए क्लिओथा," खुर्चीवरून बायनम आजी म्हणाल्या, "बाजूला हो. मला उन्ह येऊ दे."

क्लिओथाचा चेहरा एवढासा झाला. पोरगी हात ओढत होती. आणि इझोराचा हात, तिला न विचारता, वर आला. मोज्यातला तळवा उघडा, दाराकडे. कुणी दाराशी आलं की आत वाट दाखवायची, एवढंच त्या हाताला ठाऊक होतं. क्लिओथानं तो हात पाहिला, आणि ती नातीला घेऊन आत गेली.

काचेतून इझोरा बघत राहिली. पोरगी स्टुलावर चढली. शेजारी क्लिओथा बसली, हार्लनपासून दोन स्टुलं सोडून, पर्स मांडीवर घट्ट धरून. काउंटरमागची गोरी मुलगी काहीतरी म्हणाली. काय म्हणाली, मिसेस रँडल की ए क्लिओथा, ते बाहेर ऐकू येत नव्हतं. बशी आली. फोटोवाल्याचा दिवा चमकला.

मग क्लिओथानं खाली न बघता, कुणाला कळू न देता, एका टाचेनं दुसरा बूट ढकलला आणि पायातून काढला. मग उरलेलाही. स्टुलाखाली तिचे पाय लोंबकळत राहिले, सुजलेले, बोटं एकमेकांवर चढलेली. जरा वेळानं ती बोटं हळूहळू सुटी करायला लागली.

बाहेर इझोरानं डाव्या पायावरचा भार उजव्यावर घेतला, आणि उभी राहिली.